फितूर बैल

व्यंकटराव देशमुखाच्या पटावर घोडा म्हणजे घोडा होता आणि माणूस म्हणजे माणूस. एवढ्यावर आमच्या गावाचं वर्षानुवर्षं भागत होतं. मग रामकिशन मास्तर हैदराबादेहून परत आला आणि म्हणाला, हे सगळं खोटं आहे.

पट म्हणजे जाड्याभरड्या कापडाचा. मधून निळ्या दोऱ्यानं शिवलेली पूर्णा नदी, तिच्या अलीकडं एक फौज, पलीकडं एक फौज. व्यंकटरावाच्या बापानं हौसेनं करून घेतलेला. कवड्या टाकायच्या, पडतील तितकी घरं सोंगटी सरकवायची, नदी उतरून समोरच्याचं निशाण पाडायचं. पूर्वी एका बाजूला निजामाची फौज म्हणायचे आणि दुसऱ्या बाजूला पेशव्याची. अठ्ठेचाळीसच्या उन्हाळ्यात असली नावं तोंडातून काढायची सोय राहिली नव्हती. आमचं गाव पुसेगावच्या वर, वऱ्हाडच्या सरहद्दीला खेटून. भिंतीला कान असतात म्हणतात, आमच्याकडं माणसांनाच जागोजाग कान फुटले होते. म्हणून मग एक अलीकडची फौज झाली आणि एक पलीकडची. निजाम गेला, पेशवा गेला, नदी तेवढी राहिली.

मास्तराची शाळा बंद पडली होती. पोरं उठून चळवळीत गेली, मास्तर कुलूप लावून घरी आला. रिकाम्या माणसाला काहीतरी खाज लागतेच. पहिल्याच दिवशी देशमुखाच्या ढाळजेत, म्हणजे वाड्याच्या दारातल्या ओसरीवर, बसून त्यानं पटावरची सोंगटी उचलली.

"हे काय आहे?"

"घोडा," व्यंकटराव म्हणाला.

"कुणाचा?"

"लाकडाचा," सोनाजी म्हणाला.

सोनाजी म्हणजे देशमुखाच्या समोर बसून खेळणारा गडी. शेत कमी, जीभ जास्त. ढाळजेत बसलेले सगळे हसले. मास्तर हसला नाही.

"तसं न्हाई. फौजेत घोडा दोन तऱ्हेचा. एक पागेतला. तो सरदाराचा, त्याच्यावर बसतो तो बारगीर. दुसरा शिलेदाराचा. तो स्वतःचा घोडा घेऊन चाकरीला येतो. दोघांची चाल एकसारखी असूच शकत न्हाई."

"काहून? घोडा तर घोडाच," सोनाजी म्हणाला.

"बारगिराचा घोडा मेला तर पागेतून दुसरा मिळतो. तो घुसतो. शिलेदाराचा घोडा मेला की त्याची चाकरीच मेली. तो आधी काठावर उभा राहून अंदाज घेतो. बारगीर पुढं गेल्याशिवाय शिलेदार नदीत पाय घालत न्हाई."

ढाळजेत खुंटीला एक तलवार टांगलेली होती. देशमुखाचा आजा शिलेदार होता, हे गावातल्या कुत्र्यालाही पाठ होतं. व्यंकटरावानं एकदा तलवारीकडं बघितलं, एकदा मास्तराकडं.

"म्हणजे आमचे आजे भित्रे होते म्हणता?"

"भित्रे न्हाई, देशमुख. हिशोबी."

सोनाजीला ठसका लागला. त्यानंतर शिलेदाराच्या सोंगट्यांना लाल दोरा बांधला गेला आणि त्यांना बारगिराच्या मागंच चालायचा नेम लागला. मग मास्तरानं अरबांची तुकडी वेगळी काढली, तिला मागं हटायला बंदी केली. बंदुकवाले गारदी वेगळे केले. तोफ एका डावात एकच घर सरकेल असं ठरवलं, कारण तोफ चिखलात रुतते. सुतार वैतागला, पण खेळाला रंग चढला हे खरं. दुपारी ऊन मी म्हणायला लागलं की अर्धं गाव ढाळजेत. पटावर काही खोटं राहिलं तर मास्तराला जेवण जात नव्हतं. एखाद्या गारद्याला चुकून घोड्याची चाल दिली तर हा भांडायला उठायचा.

पटावरच्या खोट्याबद्दल बोलून राहिलोय मी. गावातलं वेगळं.

त्याच दिवसांत गावाचं पेव फुटलं.

पेव म्हणजे जमिनीच्या पोटातला खड्डा. ज्वारी भरायची, वर फळ्या, कडबा, माती, शेण. आमच्या चार-पाच आळींनी मिळून पांढरीवर, गावालगतच्या पांढऱ्या मातीच्या टेकाडावर, एक भरलं होतं, वर काटेरी झाप टाकून. त्याला लागूनच देशमुखाचं पेव. देशमुख म्हणायचा, माझं यंदा मोकळंच हाय. एक दिवस सेनगावच्या बाजूनं बंदूकवाले आले. कुणी त्यांना रझाकार म्हणालं, कुणी सरकारी धान्यवसुलीचे लेव्हीवाले म्हणालं. बंदूक दोघांची सारखीच लांब असते. त्यांनी कुणाला विचारलं नाही, कुठं काठी टोचून बघितली नाही. सरळ पांढरीवर गेले, सरळ आमचा झाप ओढला, सरळ माती उकरली. ज्वारी गाड्यांत भरून नेली. शेजारच्या पेवाच्या मातीला बोटही लावलं नाही.

कुणीतरी सांगितलं होतं. त्याशिवाय हे होत नाही.

त्या दिवसापासून आमच्या गावात कुणी सरळ बोललं नाही. विहिरीवर बाया अर्धं वाक्य बोलायच्या आणि अर्धं दोराबरोबर खाली सोडायच्या. कुणी चुना मागितला तर दुसरा विचारायचा, आजच काहून मागून राहिला? संतराम नावाचा आमचा एक भाऊबंद सासुरवाडीला जाऊन आला तर त्याच्या पायताणाला कुठली माती लागली ते लोक वाकून बघायचे. नवरा बायकोला म्हणायचा, काय शिजवलं ते बाहेर बोलू नको. शिजवायला होतं तरी काय, हा भाग निराळा.

आणि हळूहळू सगळ्यांच्या नजरा तांड्याकडं वळल्या. वळल्या म्हणतो, पण वळवल्या म्हणायला पाहिजे. "पांढरीवर गुरं कुणाची चरायची?" एवढंच व्यंकटराव म्हणाला. पुढचं आम्ही आपल्या आपण म्हणालो.

लमाणांचा तांडा गावाच्या वरच्या अंगाला, गायरानात. दोन पिढ्यांपूर्वी देशमुखाच्या बापानं "बसा" म्हटलं आणि ते बसले. कागद नाही, शिक्का नाही, नुसता शब्द. कुडाच्या झोपड्या, बैल, थोडी फोडलेली जमीन. त्यांचा नाईक, म्हणजे मुख्य, प्रेमसिंग. आता व्यंकटराव म्हणायला लागला होता की पावसाच्या आधी गायरानाचा विचार करावा लागेल. पावसाच्या तोंडावर तांडा उठवायचा म्हणजे पेरणी गेली, छप्पर गेलं, लेकरं उघड्यावर. प्रेमसिंगाला हे कळत होतं. तो रोज वाट बघायचा की कुणी त्याला बोलावून तोंडावर विचारेल. कुणी विचारलं नाही. पाठीमागं बोलण्यात जी मजा आहे ती तोंडावर विचारण्यात नाही.

एक गोष्ट मात्र सगळ्यांना ठाऊक होती आणि ती कुणी बोलत नव्हतं. सरहद्द बंद झाल्यापासून बाजारात मीठ मिळेना. घासलेट नाही, कापड नाही, ते एक वेळ चालतं. मिठाशिवाय भाकरी गिळून बघा. आमच्या गावात मीठ होतं, कारण तांड्याची माणसं डोंगरातल्या पायवाटांनी सरहद्दीपलीकडं वऱ्हाडात, वाशिमच्या बाजूला उतरायची आणि बैलांच्या पाठीवर गोण्या घालून आणायची. ह्या बैलांवरच्या फेऱ्यांना ते लदेणी म्हणतात. त्यांच्या आज्या-पणज्यांचा धंदा हाच. मास्तरच एकदा म्हणाला होता की लवण म्हणजे मीठ, लवण वाहणारे ते लमाण. पदराखाली ओंजळ लपवून आमच्या बाया तांड्यात जायच्या आणि प्रेमसिंगाची बायको पारुबाई मापून द्यायची. घरी आल्यावर त्याच बाया म्हणायच्या, लमाणांचा काय भरवसा?

आणि मास्तराला नेमकी त्याच वेळी उपरती झाली.

"देशमुख, आपल्या दोन्ही फौजा उपाशी आहेत."

"कुणाच्या?"

"पटावरच्या. एवढं माणूस, एवढं जनावर, खातं काय? जुन्या लढायांत फौजेबरोबर लमाणांचे बैल असायचे, हजारांनी. बैलांशिवाय हा पट लबाड आहे. प्रेमसिंगाला बोलावून विचारू."

व्यंकटरावानं कवड्या मुठीत खुळखुळवल्या. मग म्हणाला, "बोलवा. विचाराच."

प्रेमसिंगाला निरोप गेला तो एवढाच, की देशमुखानं बोलावलंय. तो समजला गायरानाचं काम. धुतलेलं पागोटं बांधून आला. बरोबर फडक्यात बांधलेलं मीठ, पारुबाईनं दिलेलं. ते त्यानं उंबऱ्याच्या आत सरकवलं आणि स्वतः खालच्या दगडी पायरीवर बसला. ढाळजेत जागा होती. त्याला वर बस म्हणायची रीत नव्हती.

"नाईक, एक विचारायचं होतं," मास्तर म्हणाला.

"विचारा की. पेवाचं असंल तर मी बैलाच्या पाठीवर हात ठेवून सांगतो—"

"पेवाचं न्हाई. लढाईचं."

प्रेमसिंगाचं तोंड उतरलं. "कोणत्या लढाईचं, मास्तर? आमी कुण्या लढाईत न्हाई."

"आत्ताच्या न्हाई हो. जुन्या. हे बघा, ह्या पटावरच्या."

प्रेमसिंगानं पट बघितला. लाल दोऱ्यांचे घोडे बघितले, अरब बघितले, नदी बघितली. आणि त्याचा जीव भांड्यात पडला. तो पुन्हा मूळचा प्रेमसिंग झाला. आता हा माणूस काही गरीब गाय नव्हता. वाडवडिलांचा विषय निघाला की ह्याची छाती पायरीवर मावत नव्हती. लग्नात, पंगतीत, बाजारात, कुठंही.

"तुमचे लोक फौजांना धान्य पुरवायचे ना?"

"पुरवायचे?" प्रेमसिंग म्हणाला. "मास्तर, आमी न्हाई पोचलो तर फौज उभी राहत नव्हती. बैलांच्या घंटा ऐकू आल्या की मग शिपाई चुलीचे दगड मांडायचे. राजाचा हत्ती मागं आन् आमचा म्होरक्या बैल पुढं. त्याच्या शिंगांना कवड्या, कपाळाला आरसा. राजे वाट सोडायचे, वाट."

"हत्तीनं सलाम केला का न्हाई बैलाला?" सोनाजी म्हणाला.

"तू नव्हता म्हणून केला न्हाई," प्रेमसिंग म्हणाला. "तुला बघितल्यावर केला असता, बरोबरीचं जनावर म्हणून."

हशा झाला. त्या उन्हाळ्यातला तो बहुतेक शेवटचा मोकळा हशा.

"आता नीट सांगा," मास्तर पुढं सरकला. "तुमचे बैल कुठल्या फौजेबरोबर? अलीकडच्या का पलीकडच्या?"

"दोन्हीबी."

"म्हणजे?"

"म्हणजे दोन्हीबी. सकाळी इकडं गोण्या सोडायच्या, दुपारी नदी उतरून तिकडं. आमचा पणजा सांगायचा, दोन्हीकडचे शिपाई एकमेकांचे गळे कापून राहिले, पण आमच्या बैलाला हात लावायची कुणाची टाप न्हाई. ज्यानं हात लावला त्याच्याकडं पुन्हा लदेणी गेली न्हाई. उपाशी मेला."

ढाळजेतल्या माना एकमेकांकडं वळल्या. मास्तराच्या ते ध्यानात आलं नाही. तो आनंदानं मान हलवत होता. प्रेमसिंग बोलला होता पणज्याच्या काळाबद्दल, आम्ही ऐकलं परवाचं.

"दोन्हीकडं," व्यंकटराव सावकाश म्हणाला.

"व्हय, मालक."

"इकडचं तिकडं सांगायचे असतील मग."

"सांगायचं काय त्यात? गहू, मीठ, तूप. खबर कुणाला खाता येत न्हाई."

कुणी हसलं नाही. प्रेमसिंगानं इकडंतिकडं बघितलं. आपण काय बोललो ते त्याला कळलं, पण उशिरा कळलं. खरं सांगून बसलेल्या माणसाला ते परत गिळता येत नाही.

"मालक, गायरानाचं..."

"खेळ होऊ द्या आधी," व्यंकटराव म्हणाला.

सुतारानं बैल अजून कोरले नव्हते. मास्तरानं मूठभर चिंचोके नदीवर मांडले. नेम समजावून सांगितला: हे बैल कुणाच्याच बाजूचे नाहीत. कवडीच्या दानानं चालतील, कधी इकडं, कधी तिकडं. बैल ज्या फौजेला शिवून जातील ती फौज पुढचे डाव चालेल. बैल शिवले नाहीत तर ती जागच्या जागी खिळेल.

"आन् मी बैलच मारले तर?" व्यंकटरावानं विचारलं.

"मारता येतील. कुणालाही मारता येतील."

खेळ सुरू झाला. व्यंकटराव अलीकडचा, सोनाजी पलीकडचा. प्रेमसिंग पायरीवर तसाच बसलेला. त्याला जा म्हटलं नव्हतं आणि थांबही म्हटलं नव्हतं. चिंचोके एकदा देशमुखाच्या गारद्यांना शिवले, मग सोनाजीच्या बारगिरांना. सोनाजीचे बारगीर नदीत उतरले. व्यंकटरावानं कवड्या उचलल्या. तो चिंचोक्यांकडं असं बघत होता जसं काही त्यांना तोंड आहे. पुढच्या दानाला त्यानं तोफ जागेवर ठेवली, निशाण उघडं सोडलं, आणि अरबांची तुकडी बैलांवर घातली.

"मारले," तो म्हणाला. "आता बस उपाशी, सोनाजी."

"सोनाजी उपाशी, तुमीबी उपाशी," मास्तर म्हणाला.

"मी काहून? माल तर माझ्या हातात."

"हातात आहे तेवढा दोन डाव पुरेल. पुन्हा भरून कोण आणणार? आणणारे तुमीच कापले."

दोन डाव झाले. देशमुखाची फौज जागच्या जागी खिळली. सोनाजीचीही खिळली असती, पण बैल शेवटी त्याच्याच बारगिरांना शिवले होते, आणि त्यातला एक तोवर निशाणापाशी पोचला होता. त्याला एकच घर हवं होतं. ते त्याला उरलेल्या शेवटच्या दानात मिळालं. निशाण पडलं.

आमच्यातले एकदोन जण "वा" म्हणाले आणि लगेच गप्प झाले, कारण व्यंकटरावानं पट धरून उलटा केला होता. अरब, गारदी, शिलेदार सगळे अंगणात.

"हा नेम खोटा आहे!"

"नेम खरा आहे, देशमुख. असंच व्हायचं."

"खरा असंल तर ऐका मग. दोन्हीकडं खाऊ घालतो त्याला आपल्यात काय म्हणतात? फितूर म्हणतात. हे फितूर बैल आहेत. आन् हे मी न्हाई म्हणालो, ह्यानं," त्यानं प्रेमसिंगाकडं बोट केलं, "ह्यानं आपल्या तोंडानं कबूल केलं. दोन्हीबी म्हणाला. ऐकलं का न्हाई सगळ्यांनी?"

"ऐकलं," मागून कुणीतरी म्हणालं.

प्रेमसिंग उठून उभा राहिला. "मालक, ते जुनं हाय. पणज्याचं. तुमीच विचारलं म्हणून सांगितलं."

"पणज्याचं ते पणतूचं. सवय कुठं जाते? सेनगावच्या ठाण्याला मीठ कोण नेऊन देतं?"

"मी देतो. मागितलं तर काय न्हाई म्हणू? बंदूक घेऊन येतात. तुमच्या घरीबी देतोच ना. आत्ताबी घेऊन आलो."

"बघा. देतो म्हणाला." व्यंकटराव आमच्याकडं वळला. "अजून काय पाहिजे? उद्या गायरान मोकळं झालं पाहिजे."

अंगणात शालूबाई बसली होती. रांडमुंड बाई, देशमुखाच्या घरी पडेल ते काम करणारी. सुपात पेरणीचं बियाणं निवडत होती. गावाच्या पेवात तिचाही वाटा होता आणि दुसरं तिच्याजवळ काही नव्हतं. एक शिलेदार घरंगळत तिच्या सुपापाशी येऊन पडला होता. तिनं तो उचलला.

"मास्तर, लाल दोरावाला कोण म्हणाला तुमी? आपला घोडा वाचवायला दुसऱ्याला पुढं घालतो तो?"

"शालू, तू तुझं बियाणं निवड," व्यंकटराव म्हणाला.

"निवडूनच राहिले, मालक. निवडायची सवय हाय म्हणून तर विचारते. आज तुमच्या शेतात वखरावरच्या गड्यांची भाकरी मीच नेली. पिठाला पेवाचा वास होता. तुमचं पेव तर मोकळं होतं ना?"

पेवातल्या ज्वारीचा वास ज्याला माहीत नाही त्याला सांगून कळणार नाही, आणि माहीत आहे त्याला सांगावं लागत नाही. आंबूस, ओलसर, जुन्या मातीसारखा. कणगीतल्या ज्वारीला तो येत नाही. भाकरी कितीही खरपूस भाजा, पहिल्याच घासाला नाकात जातो. त्या दिवशी वखरावर गेलेल्या सगळ्यांच्या नाकात तो गेला होता. बांधावर बसून आम्ही सगळ्यांनी ती भाकरी खाल्ली होती. खाताना कुणी कुणाकडं बघितलं नव्हतं.

शालूबाई आमच्याकडं वळली. "सोनाजी, तू तर दोनदा मागून घेतली. आला का न्हाई वास?"

सोनाजी, ज्याची जीभ कधी टाळ्याला लागत नव्हती तो सोनाजी, धोतराचा सोगा नीट करायला लागला.

"मला सर्दी हाय," तो म्हणाला.

"जेठात सर्दी! आन् बाकीच्यांना? सगळ्या गावाला सर्दी झाली? लागून लागून दोन पेवं. एक फुटलं, एक राहिलं. राहिलेल्याचा मालक म्हणतो लमाणांनी सांगितलं. लमाणांनी सांगितलं असतं तर दोन्ही सांगितली असती. ते तर दोन्हीकडचे ना?"

आता बघा. ह्यापुढं बोलायला काही उरलं नव्हतं. बाईनं दोन आणि दोन चार करून अंगणात मांडले होते. व्यंकटराव घामानं निथळला होता, पण तो खेळाडू होता. त्यानं मास्तराकडं मान फिरवली.

"मास्तर, तुमी शिकलेले. पटावरच्या बारगिराचं, गारद्याचं, सगळ्यांचं खरं-खोटं केलं तुमी. सांगा आता. बाईचं खरं का माझं?"

सगळे मास्तराकडं बघायला लागले. प्रेमसिंगानं तर हातच जोडले. मास्तर गोळा केलेले चिंचोके ह्या मुठीतून त्या मुठीत करत राहिला. एक चिंचोका खाली पडला, तो वाकून शोधत बसला, चांगला वेळ लावून.

"मी पटापुरतं सांगतो, देशमुख," तो शेवटी म्हणाला. "गावातलं मला काय कळतं?"

हा तोच माणूस, ज्याला गारद्यानं घोड्याची चाल केलेली खपत नव्हती. दीडशे वर्षांपूर्वी मेलेल्या शिपायावर अन्याय होऊ नये म्हणून भांडायचा. जिवंत माणूस समोर हात जोडून उभा राहिला तेव्हा ह्याला चिंचोका सापडेना. असल्या माणसांनी पुस्तकं वाचून काय उजेड पाडला ते त्यांनाच ठाऊक.

प्रेमसिंगानं हात खाली घेतले आणि निघून गेला. फडक्यातलं मीठ उंबऱ्याच्या आत तसंच होतं. ते मात्र कुणी अंगणात फेकलं नाही.

शालूबाईला त्याच दिवशी कामावरून काढलं.

आता दुसऱ्या दिवसाचं सांगतो. ते सांगायला कुणी तयार होत नाही म्हणून मी सांगतो.

सकाळी देशमुखाचा गडी आळीआळीतून सांगत गेला, गायरान मोकळं करायला चला. व्यंकटराव स्वतः आला नाही, त्याच्या कमरेत उसण भरली होती. तुम्हाला वाटेल, मग कुणीच गेलं नसेल. पेवाचा वास सगळ्यांना आला होता. शालूबाईचं खरं आहे हे सगळ्यांना कळलं होतं. कुणालाही तांडा उठावा असं वाटत नव्हतं. प्रत्येकाच्या घरात तांड्याचं मीठ होतं.

सगळे गेले.

कारण प्रत्येकानं दाराच्या फटीतून बघितलं की शेजारी निघाला का. जो घरी राहील तो तांड्याचा माणूस ठरेल. तांड्याचा ठरला की फितूर ठरेल, आणि एकदा फितूर ठरला की पेव त्यानंच सांगितलं असं ठरायला किती वेळ? संतराम निघाला म्हणून त्याचा चुलतभाऊ निघाला. चुलतभाऊ निघाला म्हणून सोनाजी निघाला. मास्तरही निघाला, मागं मागं, छत्री घेऊन. एकाच्या हातात कुदळ बघून दुसरा घरी परत जाऊन कुदळ घेऊन आला.

तांड्यात पारुबाई चुलीपुढं होती. आम्हाला बघून उठली नाही. भाकरी उलटवली, भाजली, काढली, चुलीवर पाणी ओतलं, मग उठली. लेकरं बैलांच्या पोटाखाली जाऊन बसली. प्रेमसिंग पुढं आला. त्याच्या डोक्याला पागोटं नव्हतं.

"आलात," तो म्हणाला. "सगळेच आलात. बरं झालं. मला कुणीतरी तोंडावर विचारावं म्हणून मी इतके दिवस वाट बघून राहिलो. आता मीच विचारतो. पेव प्रेमसिंगानं सांगितलं असं ज्याला वाटतं त्यानं पुढं यावं. एकजण. माझ्या डोळ्यात बघून म्हणावं. मी आत्ता गाशा गुंडाळतो."

कुणी पुढं गेलं नाही.

"संतराम?"

संतराम जमिनीकडं बघत होता.

"मास्तर? तुमी तर पटापुरतं बोलता. इथं पट न्हाई. सोनाजी, तू?"

"माझं काय हाय त्यात," सोनाजी पुटपुटला.

"मग आलात कशाला?"

उत्तर नव्हतं असं नाही. उत्तर सगळ्यांकडं होतं आणि एकच होतं. ते सोनाजीच्या तोंडून निसटलं. पहिल्यांदाच ह्या माणसाला बोलून मजा वाटली नाही.

"दुसरे आले म्हणून आलो, नाईक."

प्रेमसिंग त्याच्याकडं बघत राहिला. शिव्या देईल असं वाटलं होतं. दिल्या असत्या तर बरं झालं असतं, आम्हाला हात उचलायला कारण मिळालं असतं. पारुबाई मात्र पुढं आली.

"परवा तुझी बायको मीठ घेऊन गेली, सोनाजी. खारट होतं ना? का सर्दीत तेबी लागलं न्हाई?"

मग कुणीतरी पहिला कूड उपटला. कुणी, ते मला माहीत नाही. मी बघत होतो तरी माहीत नाही. एक कूड पडला की दुसरा पाडायला हिंमत लागत नाही. तांड्यातल्या माणसांनी आम्हाला अडवलं नाही. ते आपलं सामान बैलांवर लादत होते, घाईनं नाही, बेतानं, गाठी दोनदा तपासून. बाया मडकी कडब्यात गुंडाळत होत्या. एक म्हातारी आपल्या झोपडीचा कूड आम्ही पाडायच्या आधी स्वतःच पाडत होती आणि काड्या निवडून बाजूला ठेवत होती, न्यायच्या आणि टाकायच्या.

बैल लादून झाले तेव्हा संतरामानं विचारलं, "कुठं जाणार, नाईक?"

"पलीकडं."

"मग... मीठ?"

खरंच विचारलं त्यानं. मी खोटं सांगत नाही.

"आमचे वाडवडील दोन्हीकडं द्यायचे," प्रेमसिंग म्हणाला. "ते त्यांच्याबरोबर गेलं. आता आमी एकाच बाजूचे. ती बाजू तुमीच दाखवली."

तो म्होरक्या बैलाच्या पुढं झाला आणि तांडा डोंगराच्या वाटेला लागला. कुणी मागं बघितलं नाही. पारुबाईनंही नाही. धूळ बराच वेळ वर राहिली, मग खाली बसली.

आम्ही पडलेल्या कुडांमध्ये उभे राहिलो. ऊन वर आलं होतं, काम संपलं होतं, घरी जायला काही हरकत नव्हती. पण जो आधी निघेल त्याला ह्या गोष्टीचं वाईट वाटलं असा अर्थ निघाला असता, आणि जो शेवटी राहील त्याला जास्त वाईट वाटलं असाही निघाला असता. म्हणून कुणी हललं नाही. कुदळी हातात घेऊन आम्ही सगळे नुसते उभे, आणि पहिला कोण वळतो ते जो तो डोळ्याच्या कोपऱ्यातून बघत होता.